पॉल रिव्हिअर : बॉस्टनचा हा सोनार क्रांतीत कसा काय पडला?

ऐरण
अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल आपल्याकडे जे काही वाचायला मिळतं त्यात वॉशिंग्टन, जेफरसन, ॲडम्स अशी मंडळी असतात. म्हणजे जमीनदार नाहीतर वकील. हातात हातोडी धरणारा माणूस फारसा दिसत नाही. पॉल रिव्हिअर तेवढा दिसतो, आणि तोही घोड्यावर बसलेला! १८ एप्रिल १७७५ ची रात्र, बॉस्टनमधून इंग्रज पलटण निघाली, हा गडी घोडा फेकत गावं उठवत गेला, संपली गोष्ट. पण त्या रात्री तो चाळीस वर्षांचा होता, त्याआधी वीस वर्षं चांदीचं दुकान चालवत होता आणि त्यानंतर अजून ४३ वर्षं जगला, त्याचं काय?

थोडी पार्श्वभूमी. वडील अपोलोस रिव्हॉर, फ्रान्समधले ह्युगेनॉ, म्हणजे प्रोटेस्टंट. तिकडे धर्मापायी छळ, म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी हे पोरगं बॉस्टनला आलं आणि जॉन कोनी नावाच्या नामांकित सोनाराकडे उमेदवारीला लागलं. पुढे नाव बदलून रिव्हिअर झाले. पॉल वडिलांच्याच दुकानात काम शिकला. १७५४ मध्ये वडील गेले तेव्हा हा १९ वर्षांचा, घरचा कर्ता. दोन लग्नं, पहिली बायको सारा वारल्यावर रेचेल, दोघींची आठ-आठ अशी सोळा मुलं (सगळी जगली नाहीत).

असा बऱ्यापैकी धंदा असलेला, पोराबाळांचा माणूस राजद्रोहाच्या भानगडीत का पडतो? माझं मत असं आहे की त्याला क्रांतीत ओढलं ते त्याच्या दुकानानेच. चमचा, बकल, चहाची किटली घ्यायला शहरातले श्रीमंत व्यापारी त्याच्याकडे यायचे आणि राहायला हा नॉर्थ एंडमध्ये, सुतार, गोदीकामगार, खलाशी यांच्यात. दोन्हीकडे उठबस असलेली माणसं गावात मोजकीच असतात. तुम्हाला काय वाटतं?

सह्यकडा
मस्त विषय. वाचतोय.

बोस्टनकर_मावशी
अरे वा, आमच्या गावचा माणूस! नॉर्थ स्क्वेअरमधलं त्याचं घर अजून उभं आहे, साधारण १६८० च्या सुमाराचं लाकडी घर, त्याने १७७० मध्ये घेतलेलं. १९०८ पासून ते लोकांना बघायला खुलं आहे. भारतातून कुणी आलं की मी आधी तिकडे नेते. खोल्या बुटक्या आणि अंधाऱ्या, आणि त्यात आई, बायको, इतकी पोरं.

पण माझं आवडतं ठिकाण म्हणजे इथलं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स. तिथे जॉन सिंगलटन कॉपलीने १७६८ मध्ये काढलेलं रिव्हिअरचं चित्र आहे. त्या काळात पोर्ट्रेट म्हणजे भारी कोट, विग, झालर असा थाट. हा मात्र बिनकोटाचा, पांढऱ्या सदऱ्यात बसलाय, एका हातात चांदीची किटली, दुसरा हात हनुवटीला, समोर टेबलावर नक्षी कोरायची हत्यारं. किटलीचं घडणकाम पुरं झालंय, नक्षी कोरायची राहिलीय. बघणाऱ्याकडे असा थेट बघतो ना, की आता विचारेल, बोला, काय कोरू? कामावरच्या माणसाला कामाच्या कपड्यातच इतक्या मानाने रंगवलेलं त्या काळचं दुसरं चित्र मला तरी माहीत नाही.

त्याच म्युझियममध्ये त्याचा सन्स ऑफ लिबर्टीचा (इंग्रजांच्या करांविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनेचा) वाडगाही आहे. तोही १७६८ चाच. ऐरण, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाडग्यात आहे.

ऐरण
मावशी, वाडग्याबद्दल सविस्तर लिहा ना प्लीज.

बोस्टनकर_मावशी
लिहिते. इंग्लंडच्या पार्लमेंटने टाउनशेंड कायद्यांनी काच, कागद, रंग, चहा अशा वस्तूंवर कर बसवला. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने बाकीच्या वसाहतींना निषेधाचं पत्र धाडलं. राजाकडून हुकूम आला, पत्र मागे घ्या. ९२ सभासदांनी सांगितलं, घेत नाही. त्या ९२ जणांच्या सन्मानार्थ सन्स ऑफ लिबर्टीच्या पंधरा जणांनी हा वाडगा करवून घेतला, पंच प्यायला. त्या पंधरा जणांची नावं वाडग्याच्या काठाखाली कोरलेली आहेत. म्हणजे बघा, सरकारविरोधी माणसांची यादी चांदीवर, वाचता येईल अशी, गावातल्या सोनाराने कोरून दिली. उद्या धरपकड झाली असती तर पहिला पुरावा हाच. आणि त्यावर नक्षी काय, तर सरकारी झडतीचं वॉरंट फाडलेलं!

तांबट_आळी
आमच्या घरात तीन पिढ्या भांडी घडवण्याचं काम, म्हणून त्या वाडग्याचे फोटो मोठे करकरून बघितलेत. साधा दिसतो म्हणून लोक पुढे जातात, पण साधाच सगळ्यात अवघड असतो. सपाट पत्रा घेऊन ठोकत ठोकत वर चढवायचा, मधे मधे ताव द्यायचा नाहीतर धातू कडक होऊन चिरतो, आणि शेवटी हातोडीची एकूण एक खूण घालवून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. आम्ही तांब्याच्या भांड्यावर मठार मुद्दाम ठेवतो, ती शोभा असते आणि भांड्याला बळकटीही येते. त्याला मठार दिसून चालणार नव्हतं, कारण वर इतकी अक्षरं कोरायची होती. आणि पोट फुगीर, काठ बाहेर वळलेला, तिथे जाडी सारखी ठेवणं म्हणजे हाताला डोळे असावे लागतात. कबूल आहे बाबा, उस्ताद माणूस!

जुनापुराणा
थोडा विरोधी सूर लावतो. ऐरण म्हणतात दुकानाने ओढलं, मी म्हणतो मंदीने ढकललं. फ्रेंचांविरुद्धचं युद्ध संपल्यावर बॉस्टनचा धंदा बसला होता, वर १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट, म्हणजे छापील कागदांवरचा कर. त्याच वर्षी रिव्हिअरवर देण्यापायी जप्तीची पाळी आली होती, ते प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. चांदीच्या ऑर्डरी कमी झाल्या म्हणून त्याने तांब्याच्या पाट्यांवर कोरून चित्रं छापली, चष्मे विकले आणि लोकांना खोटे दात बसवून द्यायला लागला, त्याची वर्तमानपत्रात जाहिरात आहे. ज्याचं पोट कराने आणि मंदीने मारलं जातं तो चिडणारच. त्यात मोठं गूढ नाही.

दाढदुखी
खोटे दात?? सोनाराकडे??

माऊ
दाढदुखी, तुमच्या नावाला साजेसा प्रश्न :)

दंतवैद्य_साताऱ्याच्या
अहो बरोबरच आहे ते. तेव्हा दाताला दात जोडायचा म्हणजे बारीक तार ओढणं, वळवणं, बसवणं, हे सोनाराइतकं चांगलं कोण करणार? जॉन बेकर नावाच्या दंतवैद्याकडून तो हे शिकला.

आणि यातली पुढची गोष्ट आमच्या क्षेत्रात फार सांगितली जाते. डॉ. जोसेफ वॉरन हा रिव्हिअरचा जवळचा मित्र आणि बॉस्टनमधल्या चळवळीचा मोठा पुढारी. १७ जून १७७५ ला बंकर हिलच्या लढाईत तो मारला गेला, इंग्रजांनी तिथेच पुरला. पुढल्या वर्षी मार्चमध्ये इंग्रज बॉस्टन सोडून गेले तेव्हा मित्रांनी प्रेत उकरून काढलं. दहा महिने झालेले, चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेलेला. रिव्हिअरने आपणच तारेने बसवलेल्या दातावरून त्याला ओळखलं. दातावरून मृताची ओळख पटवण्याची अमेरिकेतली ही अगदी सुरुवातीची नोंद मानतात. आपल्या मित्राला असं आपल्याच हातच्या कामावरून ओळखायचं, काय झालं असेल त्या माणसाला.

सह्यकडा
बापरे. हे माहीत नव्हतं.

रोखठोक
सगळे कौतुक करताय म्हणून दुसरी बाजू. ५ मार्च १७७० चा बॉस्टनचा गोळीबार, पाच माणसं मेली. रिव्हिअरचं त्यावरचं छापील चित्र जगप्रसिद्ध आहे, पण मूळ कल्पना हेन्री पेल्हमची, त्या कॉपलीच्या सावत्र भावाची. पेल्हमने विश्वासाने चित्र दाखवलं, याने त्यावरून स्वतःची पाटी कोरून आधी बाजारात आणली. पेल्हमने संतापून पत्र लिहिलं, मला हमरस्त्यात लुटल्यासारखं झालं, अशा अर्थाचं. शिवाय चित्रात सैनिक ओळीने उभे राहून हुकमावर गोळ्या घालताहेत, प्रत्यक्षात तिथे गोंधळ होता, जमाव बर्फाचे गोळे आणि काठ्या मारत होता. आणि मेलेल्यांमधला क्रिस्पस ॲटक्स, जो काळा किंवा मिश्रवंशाचा होता, तो चित्रात तसा ओळखू येत नाही. हा प्रचार झाला, आणि तोही उसना.

ऐरण
रोखठोक, पेल्हमवर अन्याय झाला हे पूर्ण मान्य. प्रचार होता हेही मान्य. पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो. वर्तमानपत्रातला लेख किती जण वाचणार, चित्र मात्र खानावळीच्या भिंतीवर लागतं. चळवळीला हे करून देणारा हात हवा होता आणि तो कारागिराचाच असणार.

रोखठोक
हात चांगला होता म्हणून दुसऱ्याचं काम उचलायचं हे मला पटत नाही. यावर आपण असहमत राहू.

अवंतिका_ना
ॲटक्सचा विषय निघालाच आहे तर. रिव्हिअरने १७९८ मध्ये घोडदौडीच्या रात्रीची हकीकत एका पत्रात लिहून ठेवलीय. त्यात चार्ल्सटाउन ओलांडून पुढे गेल्यावर दोन इंग्रज स्वार दिसले ती जागा तो कशी सांगतो माहितीय? जिथे मार्कला साखळदंडाने टांगलं होतं त्याच्या समोर. मार्क हा गुलाम, मालकाला विष दिल्याबद्दल १७५५ मध्ये त्याला फाशी दिली आणि प्रेत रस्त्याच्या कडेला टांगून ठेवलं. स्वातंत्र्याची खबर घेऊन निघालेला माणूस रस्त्याची खूण म्हणून गुलामाच्या प्रेताची जागा सांगतो, तीही जाता जाता, वाक्यात. मला हे वाचल्यापासून ती घोडदौड पूर्वीसारखी वाचताच येत नाही. त्याला दोष द्यायचा म्हणून नाही सांगत, पण हे त्या गोष्टीत सांगितलंच पाहिजे.

बोस्टनकर_मावशी
अवंतिका, +१. इथल्या शाळेत माझ्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

नवखा_वाचक
कुणी त्या रात्रीचं नीट क्रमाने सांगेल का, चर्चवर कंदील वगैरे ऐकलंय फक्त.

जुनापुराणा
सांगतो. इंग्रज सेनापती गेजला कॉन्कर्डमधला दारूगोळा जप्त करायचा होता. डॉ. वॉरनने दोन जासूद पाठवले, विल्यम डॉस जमिनीवरून आणि रिव्हिअर नदीवरून. हे दोघे अडकलेच तर म्हणून ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यावर दोन कंदील, म्हणजे पलटण पाण्यावरून निघाली. हे कंदील रिव्हिअरला दिसावेत म्हणून नव्हते, पलीकडच्या चार्ल्सटाउनच्या लोकांसाठी होते आणि ते ठरवून ठेवलं होतं रिव्हिअरनेच. मग दोन मित्रांनी त्याला होडीतून चार्ल्स नदीपार नेलं, सॉमरसेट या इंग्रज युद्धनौकेच्या जवळून, चंद्र नुकताच उगवत होता. पलीकडे लार्किन नावाच्या माणसाचा घोडा मिळाला. अकराच्या सुमारास निघाला, मध्यरात्री लेक्झिंग्टन. तिथे चळवळीचे पुढारी सॅम ॲडम्स आणि श्रीमंत व्यापारी जॉन हॅनकॉक मुक्कामाला. दारावरचा पहारेकरी म्हणाला आवाज करू नका, घरातले झोपलेत. यावर रिव्हिअर म्हणाला, आवाज? थोड्या वेळात हवा तेवढा आवाज ऐकशील, पलटण निघालीय!

पुढे कॉन्कर्डच्या वाटेवर तो पकडला गेला. डॉस निसटला. कॉन्कर्डला खबर पोचवली ती तिसऱ्याने, डॉ. सॅम्युअल प्रेस्कॉटने, जो वाटेत भेटला होता. इंग्रजांनी रिव्हिअरचा घोडा काढून घेतला आणि त्याला सोडून दिलं, मग हा चालत लेक्झिंग्टनला परत! आणि पहाटे तिथल्या मैदानावर पहिल्या गोळ्या झडल्या तेव्हा हा काय करत होता, तर हॅनकॉकची कागदपत्रांची पेटी दुसऱ्या एकाबरोबर उचलून खानावळीतून बाहेर काढत होता.

माऊ
इतकं सगळं करून शेवटी हमाली!

पंतोजी
माऊ, हमाली म्हणू नका, त्या पेटीत काय काय असेल, इंग्रजांच्या हाती लागली असती तर कितीजणांच्या गळ्याशी आलं असतं.

अजून एक. त्याच वसंतात प्रांतिक सरकारसाठी तो जासूद म्हणून हिंडला त्याचं बिल उपलब्ध आहे. दिवसाला पाच शिलिंग लावले होते, मंजूर झाले चार. स्वातंत्र्ययुद्ध असो नाहीतर काही असो, बिलाला कात्री लागायचीच!

तांबट_आळी
हाहाहा हे मात्र अगदी आपल्यातलं. घडाई सांगायची एक आणि हातात पडायची दुसरीच.

रेवा
त्याच्या बायकोबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. रेचेल. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पहिलीची मुलं आणि स्वतःचं तान्हं बाळ घेऊन ती वेढा पडलेल्या बॉस्टनमध्ये अडकली, नवरा बाहेर, परत आला तर फासावर जाईल. तिने कसेबसे १२५ पौंड जमवून चिठ्ठीसह पाठवले, डॉ. बेंजामिन चर्चच्या हाती. चर्च हा चळवळीतला मोठा माणूस, पण आतून इंग्रजांचा हेर! ती चिठ्ठी पुढे जनरल गेजच्या कागदपत्रांत सापडली, म्हणजे नवऱ्याला पोचलीच नाही. पैशांचं काय झालं कोण जाणे. नंतर परवाना मिळवून ती मुलांना घेऊन बाहेर पडली आणि दुकान सांभाळायला थोरला पोरगा मागे राहिला. घोडा एका रात्रीचा होता, ही बाई कितीतरी दिवस एकटी लढत होती.

ऐरण
रेवा, खूप आभार, हे माझ्या धाग्यात हवंच होतं.

कंपनीचा_चहा
अवांतर करतो, पण संबंध आहे. १७७३ मध्ये बॉस्टनच्या लोकांनी समुद्रात फेकलेला चहा कुणाचा? आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा. माल चीनचा, पण कंपनी डबघाईला आली होती, १७७० च्या बंगालच्या दुष्काळाने तिकडचा वसूल बुडाला, लंडनच्या गोदामांत चहा पडून. तिला वाचवायला टी ॲक्ट केला. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी घेऊन न्यूयॉर्कला निघालेला जासूद म्हणजे हाच रिव्हिअर.

आता आपल्याकडे बघा. त्याच १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांचा मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह, आणि पुढच्याच महिन्यात तिकडे लेक्झिंग्टन. तिकडे यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी इकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. म्हणजे एकाच वेळी इंग्रज दोन्हीकडे लढत होते आणि शाळेत आपण हे दोन वेगळ्या वर्षांत शिकलो, कुणी जोडून दाखवलंच नाही.

पंतोजी
अजून एक जोड देतो. जानेवारी १७७९ वडगाव, इंग्रज आपल्यासमोर नमले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेनॉबस्कॉटला (आताच्या मेन राज्यात) अमेरिकनांची दाणादाण. चाळीसहून जास्त जहाजं नेली होती, सगळी गेली, काही इंग्रजांनी घेतली, बाकीची आपल्याच लोकांनी जाळली. तोफखान्याचा प्रमुख होता लेफ्टनंट कर्नल रिव्हिअर! त्याच्यावर हुकूम मोडल्याचा आणि भ्याडपणाचा ठपका आला. आरोप करणाऱ्यांत पेलेग वॉड्सवर्थ होता. रिव्हिअर स्वतःच कोर्ट मार्शल मागत राहिला, अर्ज करून करून १७८२ मध्ये ते झालं आणि तो निर्दोष सुटला.

आणि पुढे काय व्हावं! ज्या कवितेमुळे आख्खी अमेरिका रिव्हिअरला ओळखते ती लाँगफेलोची कविता, १८६१ ची. हा हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो त्याच पेलेग वॉड्सवर्थचा नातू, मुलीचा मुलगा. कवितेत डॉस नाही, प्रेस्कॉट नाही, पकडलं जाणं नाही, रिव्हिअर सरळ कॉन्कर्डला पोचतो.

रोखठोक
हे भारी आहे. आजोबा म्हणाले भित्रा, नातवाने केला वीर.

चपलाबूट
मी जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ज ह्यूजची बाजू मांडायला आलोय. बॉस्टनचाच, धंद्याने चांभार, गरीब. ५ मार्चच्या गोळीबाराला तिथे होता, चहा फेकायलाही होता. जानेवारी १७७४ मध्ये जॉन माल्कम नावाचा कस्टमचा माणूस रस्त्यात एका पोराला मारायला निघाला, ह्यूज मधे पडला, माल्कमने याच्याच डोक्यात काठी घातली. त्यावर जमावाने माल्कमला डांबर फासून पिसं चिकटवून गावभर फिरवला आणि ह्यूज त्याच्या अंगावर पांघरूण घालायला मागे धावत होता! युद्धातही गेला, पण आयुष्यभर गरीबच राहिला, ९८ वर्षांचा होऊन १८४० मध्ये वारला, म्हातारपणीच कुणीतरी त्याला विचारायला आलं. ऐरण, तुमचा सिद्धांत रिव्हिअरला लागतो, ह्यूजला लागत नाही. त्याच्याकडे कोण श्रीमंत गिऱ्हाईक उठबस करत होतं?

ऐरण
चपलाबूट, जबरदस्त प्रतिसाद. ह्यूजला दुकान ओढत नव्हतं हे खरं. पण ह्यूजसारख्यांना आणि हॅनकॉकसारख्यांना जोडायला मधला माणूस लागलाच. रिव्हिअर १७९८ च्या त्याच पत्रात लिहितो की १७७४-७५ च्या हिवाळ्यात आम्ही तीसेक जण, बहुतेक कारागीर, इंग्रज सैनिकांच्या हालचालींवर नजर ठेवत होतो, ग्रीन ड्रॅगन खानावळीत भेटायचो, आळीपाळीने दोघे-दोघे रात्रभर गस्त घालायचे. प्रत्येक बैठकीत बायबलवर हात ठेवून शपथ. दिवसा भट्टी, रात्री गस्त. १८ एप्रिलला खबर वेळेत मिळण्याइतकी तयारी होती ती यांच्यामुळे, घोडा फक्त शेवटचा टप्पा होता.

जुनापुराणा
मग विल्यम पेनच्या चहासेटचं काय? १७७३ मध्ये, चहावरून रान पेटलेलं असताना, याच रिव्हिअरने वुस्टरच्या डॉ. पेनसाठी ४५ नगांचा चहा-कॉफीचा सेट घडवला, लग्नातली भेट. पेन पक्का राजनिष्ठ! धंदा आधी, हेच दिसतं ना?

तांबट_आळी
जुनापुराणा, इथे मी तुमच्याशी भांडणार. एवढ्या पोराबाळांच्या घरात ४५ नगांची ऑर्डर परत पाठवा म्हणणं सोपं आहे. गिऱ्हाईक कुठल्या पक्षाचं हे बघून कोणी काम घेत नाही, आणि म्हणून विचार खोटे ठरत नाहीत. रोजनामचे बघा त्याचे, लहान मुलांच्या चमच्यांपासून कुणाच्या पाळीव खारीच्या चांदीच्या साखळीपर्यंत सगळं केलंय.

मला मात्र त्याच्या म्हातारपणाबद्दल बोलायचंय, तो भाग कुणी घेतच नाही. युद्ध संपलं तेव्हा पन्नाशीला आलेला. ओतकामाची भट्टी टाकली, १७९२ मध्ये घंटा ओतायला लागला, पहिलीचा आवाज म्हणे फारसा गोड नव्हता, तरी थांबला नाही. मग तांबं. जहाजाच्या लाकडी तळाला किडा पोखरतो, त्यावर तांब्याचा पत्रा मारावा लागायचा आणि असा लाटलेला पत्रा अमेरिकेत कुणाला जमत नव्हता, इंग्लंडहून आणायचा. १८०१ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, याने स्वतःचे २५ हजार डॉलर घातले, सरकारकडून १० हजार कर्जाऊ घेतले आणि बॉस्टनजवळच्या कॅन्टनला रोलिंग मिल (पत्रा लाटायचा कारखाना) काढली. ज्या देशासाठी लढला त्याचं तांबं इंग्लंडहून येतंय हे त्याला बघवलं नसणार. बोस्टनच्या स्टेट हाउसच्या घुमटावर १८०२ मध्ये त्याचा पत्रा चढला आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेच्या तळाला. मला विचाराल तर घोडदौडीपेक्षा हे मोठं. ६६ व्या वर्षी नवी भट्टी पेटवायला काय छाती लागते ते आमच्या आळीत कुणालाही विचारा.

जुनापुराणा
मुद्दा पोचला. सोय बघून चालणारा माणूस त्या वयात घरदार पणाला लावत नाही.

चपलाबूट
तांबटदादा, दंडवत. तरी माझा ह्यूज राहू द्या सोबत.

नवखा_वाचक
खूप शिकायला मिळालं. पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाने बॉस्टनला जातोय, दोन दिवस आहेत. त्याच्या हातचं काय काय बघता येईल?

बोस्टनकर_मावशी
म्युझियम आधी, तिथे चित्र आणि वाडगा. मग नॉर्थ एंडचं घर, तिथून ओल्ड नॉर्थ चर्च चालत पाच-सात मिनिटं. ग्रॅनरीच्या दफनभूमीत त्याची कबर, १० मे १८१८ ला गेला तो. कॉन्स्टिट्यूशन चार्ल्सटाउनच्या गोदीत अजून तरंगतंय. घुमटावर आता सोन्याचा मुलामा आहे, तांबं दिसायचं नाही. आणि ग्रॅनरीपासून जवळच किंग्ज चॅपल आहे, तिथली घंटा त्याच्या कारखान्यात १८१६ मध्ये ओतलेली, अकराशे किलोची, त्यांची सगळ्यात मोठी. ती अजून वाजते, रविवारी सकाळी जा. जेवायला आमच्याकडे या, व्यनि (खासगी निरोप) करते.